शेरा : पिशवी काढलेली

आमच्या गावात एखादी बाई कंबर धरून ओट्यावर टेकली, की शेजारची पहिल्यांदा एकच विचारते, "पिशवी हाय का काढली?" गाय हाय का विकली, इतक्या सहज. पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. चौसाळ्याकडून हायवे सोडून आत आलं, की ज्या-ज्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जातात, त्या सगळ्या गावांत हा प्रश्न असाच विचारतात. कुणी लाजत नाही, कुणी दचकत नाही.

मी ह्या गावाची आशा. आशा म्हणजे गाव आणि सरकारी दवाखाना यांच्यामध्ये पळणारी बाई. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना लसीला आणायचं, आणि उरलेल्या वेळात याद्या करायच्या. याद्या करण्यात माझा हात कुणी धरत नाही. अक्षर चांगलं, दहावी पास, आणि जिभेला हाड नाही, म्हणून दारातून कुणी मला परत पाठवायची हिंमत करत नाही. ह्या सगळ्याचा मला लई गर्व होता. अशाच एका यादीत मी माझ्या थोरल्या जावेच्या नावापुढं दोन शब्द लिहिले. ते दोन शब्द खोटे नव्हते. ते लिहिले नसते तर ती आज माझ्याबरोबर शेंगा फोडत बसली असती, असं मला वाटतं, आणि ते रोज वाटतं.

मी सतरा वर्षांची ह्या घरात आले तेव्हा सासू खाटेला खिळलेली होती, आणि मला भाकरी थापता येत नव्हती. माझ्या भाकरीला चिरा पडायच्या. जाऊ त्या भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची आणि दीरांना चांगल्या वाढायची. "ही कारटी शिकली बग, तिचे हात पेनाचे हायेत," असं म्हणून हसायची. मी तिला बाई म्हणायची. ती मला धाकटे म्हणायची. अंगण एक, चुली दोन, पण दिवाळीनंतर सहा महिने एकच चूल पेटायची, कारण ती आणि थोरले दीर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आणि त्यांची दोन लेकरं माझ्याकडं राहायची. जाताना ती पत्र्याची पेटी माझ्या खोलीत आणून ठेवायची. रेशनकार्ड, लेकरांचे दाखले, दवाखान्याचे कागद, सगळं त्यात.

उसाच्या फडात पाळी येणं म्हणजे काय, ते मी कधी भोगलं नाही. तिनं सांगितलं तेवढंच मला ठाऊक. पहाटे फडात उतरायचं, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, आंघोळीला आडोसा नाही, फडकं धुवायला पाणी नाही, आणि एक दिवस बसलं की मुकादमाची बोलणी. वर अंगातून रक्त जास्त जायला लागलं, तेव्हा तिशीच्या आतच तिला तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. दीरांबरोबर मीही होते. तिथल्या डॉक्टरनं पडद्यावर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर दीर उठून उभेच राहिले. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. टाके काढताना तो हसून म्हणाला, "आता आयुष्यभराची फिकीर गेली." जावेनं त्याच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला आणि पोट धरून खाली बसली. आम्ही दोघी हसलो.

पुढच्या पावसाळ्यात तिनं मला सांगितलं, "लई मोकळं वाटायलंय गं. पाळी न्हाई, कटकट न्हाई. तू बी काडून टाक." मी म्हणाले, "मी कशाला काढू? मला काय मोळ्या उचलायच्यात?" असं बोलायला नको होतं. पण ती काही लावून घेणारी नव्हती.

मग काही वर्षांनी दवाखान्यातून निरोप आला. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे, तिशीच्या पुढच्या बायांची यादी करा, नाव, वय, आणि शेवटी शेरा. मीटिंगला आम्ही सगळ्या आशा सतरंजीवर बसलो होतो. पुढं मॅडम सांगत होत्या, की हा कॅन्सर एकदम होत नाही, आधी बरीच वर्षं तोंडावरची कातडी बदलत राहते, तेव्हाच बघितलं तर वरच्यावर जाळून टाकता येतं आणि बाई वाचते. हे मी नीट ऐकलं, लिहूनही घेतलं. मग माझ्या मनात आलं, की पिशवी काढलेल्या बायांचं काय करायचं? आमच्या यादीत त्याच जास्त. मी हात वर करून विचारायला पाहिजे होतं. कुठंही गप्प न बसणारी मी, त्या दिवशी शेजारणीच्या कानात विचारलं. ती म्हणाली, "त्यांचं काय बगायचं? रिकामं घर ते." मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एकेका बाईला ह्या तपासणीला तयार करायचं म्हणजे नाकी नऊ येतात. तेवढ्या बाया कमी झाल्या.

घरी येऊन मी पट्टी लावून रेघा मारल्या आणि ओळीनं शेरे लिहीत गेले. पिशवी काढलेली. पिशवी काढलेली. जावेच्या नावापुढंही तेच. ती समोरच बसून लसूण सोलत होती. तिला मी विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय, ऑपरेशनला मीच तर डबा नेला होता.

तपासणी आमच्याच गावच्या उपकेंद्रात होती. खिडक्यांना साड्या लावून आडोसा केला होता. बाया आल्या, पण सगळ्या बाहेर भिंतीला टेकून बसल्या, तोंडावर पदर. आत कुणी जाईना. एक म्हणती ती जाऊ दे, दुसरी म्हणती आधी ही. मी चिडले. "तुम्हाला काय सोन्याचं आमंत्रण पाहिजे का गं?" असं ओरडले. तशी माझ्या सोबतीला आलेली जाऊ म्हणाली, "तूच पयले जा ना. दुसऱ्याला मनायलीस, तुला काऊन भ्या वाटायलं?" सगळ्या हसल्या. मग माझी पंचाईत झाली. जाऊन झोपावंच लागलं, आणि मी एवढी भित्री, की जावेला आत घेऊन गेले. ती माझ्या डोक्याशी उभी राहिली, हात धरून.

डॉक्टरीण तरुण होती. कापसाचा बोळा कशात तरी बुडवून तिनं आत लावला. सगळ्या खोलीत आंबट वास सुटला. थोडं झोंबलं. मिनिटभर थांबली आणि बॅटरी लावून बघत म्हणाली, "ताई, इथं पांढरा डाग उठलाय." तिनं नीट समजावून सांगितलं. हा कॅन्सर नाही. पण असाच सोडला तर पुढंमागं होऊ शकतो. आत्ताच शेकून टाकू. दूध उतू यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मी उठून साडी नीट केली तेव्हा बघितलं तर माझ्यापेक्षा जाऊच जास्त रडत होती. "अगं मेली असतीस की गं धाकटे, वाचलीस, वाचलीस," असं म्हणत माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. डॉक्टरीण म्हणाली महिनाभर नवऱ्यापासून लांब राहा. ते तिनं ऐकून ठेवलं आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला चहा देताना तोंडावर सांगितलं, "भाऊजी, महिनाभर वसरीत झोपायचं. मी राखण करायले, ध्यानात ठिवा." त्यानं चहा तसाच ठेवला आणि बाहेर पळाला.

ह्या हसण्या-रडण्यात एक गोष्ट घडली ती मला तेव्हा गोष्टसुद्धा वाटली नाही. आम्ही बाहेर निघालो तशी दारातल्या नर्सनं जावेला विचारलं, "मावशी, तुमचं नाव सांगा, आत आलाच आहात तर तुमचंही करून घेऊ." जाऊ थांबली. नुकतीच घातलेली चप्पल परत काढायला वाकली. मी मागून म्हणाले, "त्यांची पिशवी काढलीय." नर्सनं "बरं" म्हणून दुसऱ्या बाईला बोलावलं. जावेनं पाय परत चपलेत घातला.

त्यानंतर तीन हंगाम गेले. मी गावभर भाषणं देत फिरत होते. स्वतःचा डाग जाळून आलेली आशा म्हणून तालुक्याच्या मीटिंगमध्ये माझ्याकडून चार शब्द बोलून घेतले. टाळ्या पडल्या. आणि इकडं घरात, एका दसऱ्याच्या आधी, धुणं धुताना जाऊ हळूच म्हणाली, "अंगावरनं पांडरं जायलंय गं लई. वास येतो. आन् मदीच थोडं रगत बी."

मी विचारलं, "रक्त कसं?"

"तेच तर. पिशवीच न्हाई तर रगत कुटनं?"

आम्ही दोघींनी मिळून त्याचं उत्तर शोधलं. उष्णता. मोळ्या उचलून उचलून आत कुठंतरी ताण पडला असेल. मी तिला रोज रात्री धने-जिरे भिजवून सकाळी पाणी प्यायला सांगितलं. मी, सरकारची शिकवलेली बाई. हेच दुसऱ्या कुणा बाईनं सांगितलं असतं तर तिला हाताला धरून, शिव्या देत दवाखान्यात नेली असती. पण माझ्या डोक्यात ते दोन शब्द पक्के बसले होते. दिवाळी झाली आणि ती ट्रकात बसून गेली. धन्याची पुडी मीच तिच्या गाठोड्यात घातली.

ती होळीच्या आधीच परत आली. हंगाम उरलेला असताना कुणी परत येत नाही. दीरांनी तिला जीपमधून उतरवली तेव्हा मला वाटलं, हे कुणा दुसऱ्याच बाईला घेऊन आलेत. साडी अंगावर नुसती टांगलेली होती. जवळ गेले आणि वास आला. तो वास मी एकदा एका म्हाताऱ्या पेशंटच्या घरी घेतला होता. मला सगळं कळलं, आणि तरी मी म्हणाले, "बाई, काय हे, खात-पीत नव्हतीस का?"

दुसऱ्या दिवशी दीरांनी आणि मी तिला घेऊन पहिल्या एसटीनं बीड गाठलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनी तपासलं, बाहेर आले आणि मला म्हणाले, "पिशवी काढली म्हणता. पण पिशवीचं तोंड तर जागेवरच आहे. आणि गाठ तिथंच आहे." मी म्हणाले, असं कसं असेल साहेब, सगळी काढलीय, मी स्वतः होते. त्यांनी कागद मागितले. कागद माझ्या खोलीतल्या पेटीत होते. ते सगळे मी त्या दिवशी येताना पिशवीत कोंबून आणले होते. त्यांनी एक घडी उलगडली, दोन ओळी वाचल्या आणि बोट ठेवून दाखवलं. इंग्रजीत होतं. वरचा भाग काढला, तोंड ठेवलं. कधीकधी असं करतात, म्हणाले. मग ज्या बाईचं तोंड ठेवलंय, तिला इतर बायांसारखीच तपासणी करावी लागते. हे तिला कुणी सांगितलं नाही का?

इतकी वर्षं तो कागद माझ्याच खोलीत होता. दर दिवाळीला मी ती पेटी झटकून पुसत होते.

परत येताना तालुक्याच्या गावात मी एकटी उतरले. त्या डॉक्टरच्या दारात उभं राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलायचं होतं. मुडदा बशिवला त्याचा, फिकीर गेली म्हणतो! पण तिथं आता कपड्याचं दुकान होतं. पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या मालकानं विचारलं, "काय दाखवू ताई?" मी तशीच वळून वडापच्या जीपच्या थांब्यावर आले.

पुढचं सगळं संभाजीनगरला झालं. रेडिएशनचे शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली. मी आणि दीर आलटून-पालटून राहिलो. तिथल्या डॉक्टरांनी हात राखून काही केलं नाही, पण वेळ निघून गेली होती, हे त्यांनी दीरांना बाजूला घेऊन सांगितलं आणि दीरांनी मला. तिला कुणी सांगितलं नाही. तिला फक्त एकच कळत नव्हतं. शेक घेऊन आली की पडल्या पडल्या विचारायची, "धाकटे, कॅन्सर व्हू नाई मनून तर काडलीती ना पिशवी? मंग ह्यो आला कुटनं?" मी तिला तोंडाचं समजावून सांगितलं. भोपळ्याचं देठ कापताना राहतं तसं ते राहिलं होतं, असं सांगितलं. ती म्हणाली, "हां, हां." यादीचं मी सांगितलं नाही. नर्सचंही नाही. तिला आठवत असेल का, ह्या विचारानं मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे जुनी यादी काढली. ज्या ज्या नावापुढं पिशवी काढलेली लिहिलं होतं, त्या प्रत्येकीच्या दारात गेले. लई बोलणी खाल्ली. "आता काय उरलंय बगायला?" एकीनं तर दारच लावलं. मी दाराबाहेर बसून राहिले, म्हणाले, तू बाहेर येईपर्यंत उठत नाही, तुझ्या घरचं पाणी भरायचं खोळंबू दे. ती आली. जमतील तशा बाया मी बीडला नेल्या. बहुतेकींचं सगळंच काढलेलं निघालं. त्यांनी परतीच्या एसटीत माझ्या नावानं खडे फोडले. पण वस्तीवरच्या एकीचं तोंड राहिलेलं निघालं, आणि त्यावर पांढरा डाग. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीचं होतं. शेकून झालं, आणि ती बाई चालत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला गेली.

हे सांगायला मी जावेकडं पळत गेले. दुपारची वेळ होती. ती भिंतीकडं कूस करून होती. मी तिला वळवली, पेज चमच्यानं भरवली आणि सांगितलं, की बाई, तुझ्यामुळं ती वाचली. तिला खरंच आनंद झाला. "हां का? दोन लेकरं हायेत तिला. बरं झालं बग." म्हणाली आणि मग, "कसं काय सुचलं गं तुला, पिशवी काडलेल्या बाया न्यायचं?"

तेव्हा मला राहवलं नाही. यादी, पट्टी, शेरा, सतरंजीवर बसून न विचारलेला प्रश्न, नर्स, सगळं सांगून टाकलं. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "बाई, त्या दिवशी मी तुला म्हणाले असते, तू पण तपासून घे, तर आली असतीस का गं?"

तिनं न्हाई म्हणावं म्हणून मी विचारलं होतं. आले नसते, मला लाज वाटली असती, मला वेळ नव्हता, काहीही. बायका अशीच उत्तरं देतात. आयुष्यभर माझ्या चिरलेल्या भाकरी आपल्या ताटात घेणारी बाई. एवढं एक खोटं ती माझ्यासाठी बोलेल, अशी मला खात्री होती.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आठवून बघावं तसं.

"आले असते की," ती म्हणाली. "चप्पल काडायलेच होते ना मी."